अक्कलदाढेची शस्त्रक्रिया: खासगी दवाखाना की दंत महाविद्यालय?

ओपीजी म्हणजे संपूर्ण जबड्याच्या क्ष-किरण चित्रावर बोट ठेवून डॉक्टर जेव्हा सांगतात की खालची अक्कलदाढ आडवी आहे आणि हिरडी उघडून, थोडे हाड कमी करूनच ती काढावी लागेल, तेव्हा घरी परतताना मनात दुखण्याइतकाच ‘कुठे काढायची’ हा प्रश्नही घोळत असतो. ठाणे आणि नवी मुंबईच्या रहिवाशांपुढे हा प्रश्न विशेष ठळकपणे उभा राहतो, कारण येथे नाक्यानाक्यावर दंतवैद्यांचे दवाखाने आहेत आणि नेरूळला डी. वाय. पाटील व तेरणा, बेलापूरला भारती विद्यापीठ, खारघरला वाय. एम. टी. आणि कामोठ्याला एमजीएम अशी दंत महाविद्यालयेही हाकेच्या अंतरावर आहेत. माझ्या दोन्ही खालच्या अक्कलदाढा शस्त्रक्रियेनेच निघाल्या. डावी ठाण्यात नौपाड्यातील एका खासगी दवाखान्यात आणि उजवी तीन वर्षांनी नवी मुंबईतील एका दंत महाविद्यालयात. त्यामुळे ही तुलना एकाच तोंडाच्या दोन बाजूंची आहे.

मुळात दाढ काढायलाच हवी का, हे आधी विचारावे. अर्धवट वर आलेल्या दाढेवरची हिरडी वारंवार सुजत असेल, तोंड उघडेनासे होत असेल, शेजारची दाढ किडू लागली असेल किंवा चित्रात मुळाभोवती पोकळी दिसत असेल, तर काढण्याला सबळ कारण आहे. काहीही त्रास नसलेली, हाडात निवांत असलेली दाढ ‘पुढे त्रास देईल’ एवढ्यावरून सरसकट काढू नये, असे ब्रिटनमधील आरोग्य यंत्रणेचे मार्गदर्शन 2000 सालापासून आहे. अशी दाढ अधूनमधून तपासून घेत राहणे हाही एक रीतसर पर्याय आहे.

प्रत्यक्ष खुर्चीवर जे घडते, ते दोन्हीकडे जवळजवळ सारखेच असते. जबड्याच्या मागच्या भागात भुलीचे इंजेक्शन दिले जाते, काही मिनिटांत त्या बाजूचा ओठ आणि अर्धी जीभ जड होते, आणि ओठ पूर्ण बधिर झाल्याची खात्री केल्याशिवाय कोणताही चांगला डॉक्टर पुढे जात नाही. नंतर हिरडीला चीर देऊन ती बाजूला सारतात, पाण्याचा फवारा सोडत मशीनने दाढेभोवतीचे हाड कमी करतात, आणि आडवी दाढ बहुधा दोन-तीन तुकड्यांत काढतात. वेदना कळत नाही, मात्र दाब आणि आवाज कळतो. मशीनचा आवाज कानातून येण्याऐवजी जबड्याच्या हाडातून थेट डोक्यात घुमतो, आणि दाढेचा तुकडा सुटताना एक ‘कट्’ असा आवाज होतो. तो ऐकून माझे हात खुर्चीच्या दांड्यावर आवळले गेले होते, पण दुखले नव्हते. टोचल्यासारखे वाटले तर डावा हात वर करायचा, असे दोन्ही ठिकाणी आधीच ठरवून दिले होते. ही खूण आपण स्वतःहून विचारून घ्यावी.

फरक पडतो तो वेळेत आणि पैशांत. खासगी दवाखान्यात संध्याकाळी सातची वेळ मिळाली, साडेसातला सुरुवात झाली आणि साडेआठला मी तोंडात गॉज दाबून रिक्षात बसले. महाविद्यालयात पहिली सकाळ केस पेपर, तपासणी विभाग आणि क्ष-किरण यांत गेली, दुसरी रक्ततपासणीत, आणि शस्त्रक्रियेची तारीख त्यानंतरच्या आठवड्यात मिळाली. प्रत्यक्ष शस्त्रक्रियेलाही तेथे जवळजवळ दुप्पट वेळ लागला, कारण पदव्युत्तर विद्यार्थी काम करत होता आणि त्याचे अध्यापक दर टप्प्यावर थांबवून पाहत होते. खर्च मात्र खासगी दवाखान्यात कित्येक पटींनी जास्त आला. ज्यांना दोन-तीन सकाळची रजा परवडते, त्यांच्यासाठी महाविद्यालय हा मोठाच आधार आहे. ज्यांचा दिवसाचा पगार बुडतो, त्यांनी ती बुडीत रक्कम धरूनच हिशेब मांडावा.

पैशांपेक्षाही महत्त्वाचा प्रश्न म्हणजे हत्यार कोणाच्या हातात असणार. ‘महाविद्यालयात शिकाऊ मुले प्रयोग करतात’ हे आपल्याकडे सर्रास बोलले जाते आणि मला ते अन्यायकारक वाटते. तेथील पदव्युत्तर विद्यार्थी आधीच दंतवैद्य झालेला असतो, मुखशल्यचिकित्सेचे पुढचे शिक्षण घेत असतो आणि त्याच्या मागे अनुभवी शिक्षक उभा असतो. उलट, अनेक लहान दवाखान्यांत अवघड दाढेसाठी बाहेरून एमडीएस म्हणजे दंतवैद्यकातील पदव्युत्तर पदवी घेतलेले मुखशल्यचिकित्सक ठरावीक वारी येतात, काम करतात आणि पुढच्या दवाखान्यात जातात. यात वावगे काही नाही, पण हे रुग्णाला आधी सांगितले गेले पाहिजे. मला ते खुर्चीवर आडवे झाल्यावर कळले. डॉक्टर निष्णात होते. तरीही तिसऱ्या रात्री ठणका वाढला तेव्हा फोन कोणाला करायचा हे मला माहीत नव्हते, आणि त्या रात्रीचा मनस्ताप टाळता आला असता. म्हणून दोन्हीकडे हे दोन प्रश्न आधी विचारावेत: शस्त्रक्रिया कोण करणार, आणि नंतर त्रास झाला तर कोण बघणार.

दाढेची मुळे जबड्यातून जाणाऱ्या नसेला चिकटून दिसत असतील, तर माझा कौल स्पष्टपणे महाविद्यालयाच्या किंवा मोठ्या रुग्णालयाच्या बाजूने आहे. अशा वेळी सीबीसीटी हे त्रिमित चित्र काढून नस नेमकी कोठून जाते ते पाहता येते, आणि धोका फारच असेल तर मुळे जागेवर ठेवून फक्त वरचा भाग कापून काढण्याचा मार्गही असतो. या नसेला धक्का लागल्यास खालचा ओठ आणि हनुवटी यांना काही आठवडे किंवा महिने मुंग्या येतात किंवा बधिरता राहते. कायमची बधिरता क्वचितच, शंभरात एकापेक्षाही कमी रुग्णांत राहते. संमतीपत्रावर हे लिहिलेले असते, म्हणून ते वाचून, समजून मगच सही करावी. वरची दाढ काढल्याने नजर कमी होते ही समजूत मात्र मनातून काढून टाकावी. दातांची नस आणि दृष्टीची नस पूर्णपणे वेगळ्या आहेत.

संपूर्ण भूल देऊन एकाच वेळी चारही दाढा काढण्याचा तिसरा पर्यायही असतो. त्यासाठी रुग्णालय, भूलतज्ज्ञ, आधी सहा तासांचा उपवास आणि घरी नेणारे माणूस लागते, आणि खर्च सर्वांत जास्त येतो. विम्याची भिस्त धरण्यापूर्वी पॉलिसी नीट वाचावी, कारण अपघात वगळता दातांचे उपचार बहुतेक पॉलिसींत बसत नाहीत. खुर्चीची अनावर भीती असेल किंवा दाढा फार खोल असतील, तरच मी हा मार्ग सुचवेन.

वेळ सकाळची घ्यावी, आणि वार शक्यतो सोमवार किंवा मंगळवार. नोकरदार माणसे शनिवार-रविवार मिळावा म्हणून शुक्रवारची संध्याकाळ निवडतात. मीही पहिल्या वेळी तेच केले. पण रक्त झिरपण्याची शक्यता पहिल्या काही तासांत सर्वाधिक असते आणि ते तास रात्रीचे ठरतात. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते, आणि ड्राय सॉकेट झाला, म्हणजे खड्ड्यातील रक्ताची गुठळी निघून हाड उघडे पडले, तर कानापर्यंत जाणारा ठणका बहुधा तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सुरू होतो. शुक्रवारी दाढ काढली की यातले पहिले दोन दिवस नेमके सुट्टीचे निघतात आणि महाविद्यालयाची ओपीडीही रविवारी बंद असते.

पथ्य दोन्हीकडे एकच सांगितले होते. गॉज अर्धा-पाऊण तास घट्ट दाबून धरायचा आणि सारखा काढून पाहायचा नाही. चोवीस तास चूळ भरायची नाही, थुंकायचे नाही, स्ट्रॉने काही ओढायचे नाही. पहिल्या दिवशी गालावर बर्फाचा शेक, आणि दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हलकेच गुळण्या. गार पेज, मऊ दहीभात, नाचणीची आंबील यांवर माझे तीन दिवस गेले. भूल उतरण्याची वाट न पाहता सांगितलेली वेदनाशामक गोळी वेळेवर घ्यावी. तंबाखू, मिश्री आणि सिगारेट निदान आठवडाभर बंद ठेवावी, कारण ड्राय सॉकेटचे ते मोठे कारण आहे. गुटख्यामुळे तोंड आधीच कमी उघडत असेल तर तसे पहिल्याच भेटीत सांगावे. शस्त्रक्रियेचे सारे नियोजन त्याने बदलते. मधुमेह, रक्तदाब, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, हाडांच्या ठिसूळपणावरील औषधे, पेनिसिलिनची ॲलर्जी यांचीही नोंद करून द्यावी, आणि रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नये.

टाके साधारण सात दिवसांनी काढतात. काळा रेशमी दोरा गालाला आतून टोचत राहतो, त्याला जिभेने चाळवू नये. हिरडी तीन-चार आठवड्यांत जुळून येते, हाड भरायला मात्र काही महिने लागतात, आणि तोवर खड्ड्यात भाताचे शीत हमखास अडकते. महाविद्यालयात टाके काढताना त्यांनी बिनसुईची सिरिंज हातात देऊन, आरशासमोर उभे करून, कोमट पाण्याने खड्डा कसा धुवायचा ते माझ्याकडून दोनदा करवून घेतले. खासगी दवाखान्यात जाणाऱ्यांनी ती सिरिंज मागून घ्यावी.