पुण्यातली एक कॉलेज एमयूएन: डिबेट छान घेतली, मतदानात मात्र मोठा घोळ

आमच्या शाळेची नववी-दहावीची मुलं घेऊन गेल्या महिन्यात पुण्यातल्या एका कॉलेजच्या एमयूएनला (मॉडेल युनायटेड नेशन्स, म्हणजे मुलं एकेका देशाची प्रतिनिधी होऊन संयुक्त राष्ट्रांसारखी चर्चा आणि मतदान करतात) गेले होते. कॉलेजचं नाव लिहीत नाहीये कारण आयोजक सगळी सेकंड इयरची पोरं आणि मेहनत खूप घेतली होती त्यांनी, पण मुलांना अशा ठिकाणी पाठवणाऱ्या पालकांना आणि टीचर्सना तिथे काय चालतं ते कळायला हवं म्हणून लिहितेय. माझ्याकडून पाचपैकी तीन स्टार.

मी जास्त वेळ सिक्युरिटी कौन्सिलच्या (सुरक्षा परिषदेच्या) रूममध्ये मागे बसले होते. अजेंडा सुदान, फ्रीझ डेट १ नोव्हेंबर २०२४, म्हणजे त्यानंतर जगात काय झालं ते समितीत काढायचं नाही. रोल कॉल (हजेरी) अगदी व्यवस्थित. 'प्रेझेंट अँड व्होटिंग' म्हटलंत तर ठरावावर तटस्थ राहता येणार नाही, हे चेअरने (समिती चालवणाऱ्याने) आधीच समजावून सांगितलं. नवीन मुलांना हे बऱ्याचदा कोणी सांगतच नाही आणि मग ती मतदानाच्या वेळी अडकतात.

मॉडरेटेड कॉकस (चेअर एकेकाला बोलायला देतो ती चर्चा) तर मला फारच आवडला. एकेकाला एक मिनिट, आणि जे अजून बोललेच नाहीत त्यांचे प्लॅकार्ड (देशाच्या नावाच्या पाट्या) आधी बघायचे. आमचा एक सेमी इंग्लिशचा मुलगा मोझांबिक होता, सावकाश बोलतो, मध्येच बाजूच्या दोघांची कुजबुज आणि हसणं सुरू झालं तर चेअरने सगळी रूम थांबवली, त्या दोघांना समज दिली आणि त्याला त्याचा वेळ परत दिला. नियम असतात ते याचसाठी! नाहीतर ज्याचा आवाज मोठा आणि इंग्लिश फाडफाड, तोच दोन दिवस बोलत राहतो आणि बाकीची मुलं फी भरून नुसती ऐकून परत येतात.

पण अनमॉडरेटेड कॉकस (जागेवरून उठून आपापसात बोलायचा वेळ) सुरू झाला की सगळं बिघडायचं. एक्झिक्युटिव्ह बोर्ड (चेअर आणि त्याचे सहकारी) मार्कांच्या शीटमध्ये डोकं घालून बसायचं आणि इकडे एका मोठ्या शाळेची तीन-चार मुलं एका लॅपटॉपभोवती कोंडाळं करून ड्राफ्ट रिझोल्यूशन (ठरावाचा मसुदा) लिहीत होती, दुसऱ्याला स्क्रीनसुद्धा दिसू देत नव्हती. सिएरा लिओनची मुलगी सामान्य नागरिकांच्या संरक्षणाचा क्लॉज घेऊन गेली तर तिला सरळ सांगितलं, तू फक्त सिग्नेटरी हो, स्पॉन्सर आम्ही आहोत, म्हणजे तू नुसती सही कर, ठराव मांडणारे आम्ही. आता गंमत नाही, फार वाईट वाटतं याचं, कारण खऱ्या सुरक्षा परिषदेत १८ नोव्हेंबर २०२४ ला नागरिकांच्या संरक्षणाचाच ठराव मतदानाला आला होता आणि तो आणला होता ब्रिटनने आणि याच सिएरा लिओनने. म्हणजे पोरगी तिच्या देशाची भूमिका अगदी बरोबर मांडत होती! आणि बेस्ट डेलिगेट कोणाला, तर त्या लॅपटॉपवाल्याला. वागणुकीचे मार्क असतात असं उद्घाटनात सांगितलं होतं, ते कुठे गेले मला कळलं नाही.

आता मतदान. ठरावाला ११ मतं बाजूने, विरोधात दोन छोटे देश, दोन तटस्थ आणि त्यातला एक चीन. चेअर म्हणाला, कायम सदस्याचा होकार नाही म्हणजे व्हेटो (नकाराधिकार), ठराव फेल. हे साफ चूक आहे. नऊ मतं हवीत आणि पाच कायम सदस्यांपैकी (अमेरिका, रशिया, चीन, ब्रिटन, फ्रान्स) कोणी विरोधात मत द्यायला नको, बास. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचं कलम २७ नुसतं वाचलं तर गोंधळ होऊ शकतो हे मान्य, पण कायम सदस्य तटस्थ राहिला तर तो व्हेटो नाही ही प्रथा फार जुनी आहे आणि आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९७१ मध्ये नामिबियाच्या प्रकरणात ती उचलूनही धरली. आणि लांब कशाला जायचं, याच सुदानवर मार्च २०२४ मध्ये रमजानच्या युद्धबंदीचा ठराव २७२४ आला तेव्हा रशिया तटस्थ होता, बाकी १४ बाजूने, ठराव पास. नोव्हेंबरच्या त्या ठरावालाही १४ च मतं होती, पण रशियाने विरोधात मत दिलं आणि तो पडला. फ्रीझ डेटच्या आधीचं मार्चचं उदाहरण तरी चेअरच्या वाचनात असायला हवं होतं ना?

आमच्या एका मुलीने पॉइंट ऑफ ऑर्डर (नियम चुकतोय अशी हरकत) घेऊन नेमकं हेच सांगितलं, अगदी शांतपणे, तर उत्तर आलं की बोर्डचा निर्णय अंतिम. त्यांनीच पाठवलेल्या रूल्सच्या पीडीएफमध्ये चेअरच्या निर्णयावर अपील घ्यायची सोय होती, ती घेऊच दिली नाही. दोन दिवस खपून केलेलं काम असं पडलं.

जेवण ठीक, उशिरा आलं. फी त्या मानाने जास्त. बाथरूम स्वच्छ होते, मुलींच्या पालकांसाठी हे मुद्दाम सांगतेय.

पाठवणार असाल तर पहिल्यांदा जाणाऱ्या मुलांना सिक्युरिटी कौन्सिल नको, जनरल असेंब्लीची (आमसभेची) कमिटी घ्या. रूल्सची प्रिंट मुलांच्या फाइलमध्ये असू द्या आणि व्हेटो कसा मोजणार, अपील चालणार का, हे पहिल्या सेशनलाच पॉइंट ऑफ पार्लमेंटरी एन्क्वायरी (नियमांबद्दलचा प्रश्न) घेऊन सगळ्यांसमोर विचारायला सांगा.