शकुंतलेच्या रुळांवरून जुन्या जीनपर्यंत : एका पायी सफरीचा अनुभव

दारव्ह्याजवळच्या एका गावातील दोन तरुण शेतकरी दर रविवारी सकाळी, गाडी बंद असलेल्या, यवतमाळ-मूर्तिजापूर मार्गावरच्या शकुंतला रेल्वेच्या रुळांवरून आणि पुढे नाल्याच्या काठाने, एका पडक्या जीनपर्यंत, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या जुन्या कारखान्यापर्यंत, पायी नेऊन आणतात. माणशी ३०० रुपयांत ही सफर आणि परतल्यावर झुणका-भाकर मिळते. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मी भाच्याला घेऊन गेलो होतो.

रुळांवर पोहोचताच त्यांनी भाच्याच्या हाती मोजपट्टी दिली. दोन रुळांमधले अंतर जेमतेम अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर भरले. मँचेस्टरला १९२१ साली तयार झालेले वाफेचे इंजिन याच मार्गावर १९९४ पर्यंत धावत होते. यवतमाळकडून आलेल्या कापसाच्या गाठी मूर्तिजापूरला उतरवून मुंबईकडे जाणाऱ्या रुंद मार्गाच्या डब्यांत पुन्हा भराव्या लागत, हा दुहेरी हमालीचा मुद्दा मात्र त्यांच्यामुळेच माझ्या ध्यानात आला.

जीनमध्ये आता भिंती, पिंपळाने पोखरलेले धुराडे आणि गंजलेला बॉयलर एवढेच उरले आहे. तरीही रेचे, म्हणजे सरकी काढणारी यंत्रे, कुठे होते, रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, कोणत्या बाजूने बाहेर पडे आणि प्रेसच्या खड्ड्यात ती कशी दाबली जाई, हे त्यांनी जमिनीवर खडूने आखून दाखवले. एक क्विंटल कापसातून साधारण ३४-३५ किलो रुई निघते, उरते ती मुख्यतः सरकी. आणि फुललेली रुई दाबून गाठ बांधल्याशिवाय, जी आज १७० किलोची असते, ती दूर धाडणे परवडत नाही. बॉयलरला पाणी हवे म्हणून नाला आणि गाठी धाडायच्या म्हणून रूळ, हे जागेचे गणित तिथे उभे राहिल्यावर आपोआप उलगडते. सोबत आलेल्या, कधीकाळी तिथेच राबलेल्या आजोबांनी एवढेच सांगितले, "भोंगा वाजला का बाया डबे घेऊन निघत. मधात उभं राहिलं का दिवसभर शिंका." मला हे वाक्य बाकीच्या सगळ्या माहितीपेक्षा मोलाचे वाटले.

व्यवस्थेत मात्र ढिलाई आहे. जागामालकाची परवानगी आधी घेतलेली नसल्याने चौकीदाराने अर्धा तास फाटकावर थांबवले. आवारातल्या विहिरीला कठडा नाही आणि ते कोणी आगाऊ सांगितले नाही. मुले सोबत असतील तर ही बाब गंभीर आहे. साडेआठला निघाल्यामुळे परतीची वाट, जिच्यावर सावलीला एक बाभूळसुद्धा नाही, भर उन्हात तुडवावी लागली. सफर दिवाळी ते संक्रांतीदरम्यान ठेवून सातला निघावे, असे मी त्यांना सुचवले.

परतताना त्यांनी स्वतःहून रस्त्यालगतच्या एका चालू जीनमध्ये नेले. तिथे विजेवर फिरणाऱ्या रेच्यांच्या आवाजात भाच्याने रुईच्या ढिगात कोपरापर्यंत हात घातला आणि मग तो घरी येईपर्यंत शिंकत होता.