प्लिनी आणि सिसेरोची पत्रं, आठ महिन्यांनंतर: सुटलेला फर्मा आणि सूचीत नसलेला माणूस

परवा प्लिनी या रोमन लेखकाच्या पत्रांच्या दुसऱ्या खंडातला अख्खा फर्मा (एकत्र शिवलेल्या पानांचा गठ्ठा) सुटून हातात आला. विकणाऱ्याला फोटो पाठवले, तर उत्तर आलं, ‘जुनं पुस्तक आहे मॅडम, एवढं चालायचंच.’ पैसे घेताना मात्र ‘बांधणी उत्तम’ लिहिलं होतं. असो, चिकटपट्टी लावली आहे. बांधणीला एक तारा, तोही पुठ्ठा शाबूत आहे म्हणून.

पुस्तक तिथेच का फाटलं, हे मला माहीत आहे. नवव्या भागातलं २१वं पत्र मी या आठ महिन्यांत सगळ्यात जास्त वेळा उघडलं. साबिनियानस नावाचा प्लिनीचा एक ओळखीचा माणूस आपल्या मुक्तदासावर भडकलाय. मुक्तदास म्हणजे गुलामीतून सुटलेला, नागरिक झालेला, तरी जुन्या धन्याचं कुळनाम लावणारा आणि त्याच्या मर्जीत राहणं भाग असलेला माणूस. तर हा पोरगा प्लिनीकडे येतो, त्याचे पाय धरतो, पुष्कळ रडतो, पुष्कळ विनवतो आणि बराच वेळ गप्पही राहतो. हे गप्प राहणं टिपणारा लेखक साधा नव्हे. प्लिनी रदबदली करतो, राग गिळ म्हणतो. वर सांगतो की मी त्याला चांगलं झापलंय, पुन्हा तुझ्यासाठी शब्द टाकणार नाही अशी तंबी दिलीये. पण ती त्याला दिलीये, तुला नाही. मी कदाचित पुन्हा मागेन! २४व्या पत्रात कळतं की साबिनियानसने त्याला परत घेतलं.

आता माझी तक्रार. मी मुद्रितं तपासते, पुस्तक हाती आलं की आधी सूची उघडते. सूचीत साबिनियानस आहे, हा पोरगा नाही. चूक सूचीकाराची असेल म्हणून मूळ लॅटिनच्या पानावर शोधलं. तिथेही नाही. दोन पत्रं याच्यावर लिहिली आणि नाव एकदाही घातलं नाही!

यावर घरचे हसतात. पण एकदा हे खुपलं की सगळीकडे दिसायला लागतं. पहिले दोन महिने मी खूश होते. दुसऱ्या भागातलं सहावं पत्र घ्या. एका यजमानाकडे छोट्या कुप्यांतून तीन प्रतींची वाइन येते: एक स्वतःला आणि प्लिनीला, दुसरी कमी मानाच्या मित्रांना, तिसरी मुक्तदासांना. प्लिनी शेजारच्याला म्हणतो, मी सगळ्यांना एकच वाढतो. मुक्तदासांनाही? हो, जेवायला बसले की ते माझे पंगतकरी. मग खर्च फार होत असेल? छे! ते माझी वाइन पीत नाहीत, मी त्यांची पितो. मी हे कौतुकाने तिघांना वाचून दाखवलं. चौथ्यांदा वाचताना लक्षात आलं की समतेचा हिशोब बसलाय तो काटकसरीत. मी स्वतः हिशोबी आहे, त्यामुळे राग आला नाही, ओळख पटली.

रोमन राजकारणी सिसेरोची पत्रं मी ग्रंथालयातून आणली, ती त्याचा गुलाम-चिटणीस तिरो याच्यासाठी. सिसेरोने या चिटणीसाला इ. स. पू. ५३ मध्ये मुक्त केलं. भाऊ क्विंटसने लिहिलं की तो आपला गुलाम असण्यापेक्षा मित्र असावा हे तू ठरवलंस, फार बरं वाटलं. (याच क्विंटसने आधी आपल्या स्तातियस या गुलामाला मुक्त केलं तेव्हा सिसेरो धुसफुसत होता, ते सोडा.) इ. स. पू. ५० च्या नोव्हेंबरात तिरो ग्रीसमधल्या पात्राईत आजारी पडला. घरी परतणारा सिसेरो वाटेतल्या बंदराबंदरातून लिहितो: खर्चाकडे बघू नकोस, वैद्याने नीट लक्ष द्यावं म्हणून त्याला काही द्या, बरा झाल्याशिवाय जहाजात चढू नकोस. इथे मी पाचवा तारा दिला होता.

तो काढून घेतला इटलीतल्या ब्रुंदिसियम बंदरावर. त्याच बंदरातून, त्याच दिवसांत सिसेरो आपला मित्र अत्तिकसलाही लिहितो. क्रिसिपस नावाचा मुक्तदास सिसेरोला न सांगता सिसेरोच्या मुलाला सोडून निघून गेलाय. थोडंफार शिकलेला म्हणून मी त्याला मान दिला, हा त्रागा. आणि मग उपाय: मी याला मुक्त केलंच नव्हतं, असंच धरायचं; त्यासाठी एका जुन्या प्रेटरचा (रोमन न्यायाधिकाऱ्याचा) दाखलाही हाताशी. एका हाताने तिरोच्या वैद्याचे पैसे, दुसऱ्या हाताने क्रिसिपसची सुटका रद्द. हे वाचून मी आठवडाभर खंड उघडला नाही.

परत उघडायला लावलं ते झोसिमसने. प्लिनीचा हा मुक्तदास वाचन छान करायचा, वीणेसारखं तंतुवाद्य वाजवायचा. तोंडातून रक्त पडायला लागलं म्हणून प्लिनीने त्याला इजिप्तला पाठवलं, सुधारला. पुन्हा रक्त पडलं तेव्हा गॉलच्या (आजच्या फ्रान्सच्या) किनाऱ्यावर फोरुम युलीला, एका मित्राच्या शेतावर, तिथली हवा आणि दूध चांगलं म्हणून. याचं नाव आहे, सूचीतही आहे. पण तो प्लिनीचा स्वतःचा ना! दुसऱ्याचा मुक्तदास असून ठळक नाव मिळालंय ते सम्राटाच्या पदरच्या पल्लासला. त्याला सिनेटने दीड कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) देऊ केले, त्याने मान घेतला आणि पैसे नाकारले. हे कोरलेला त्याच्या थडग्यावरचा लेख तिबुर्तिना रस्त्यावर बघून प्लिनी आधी हसतो, मग सिनेटचा ठराव शोधून काढतो आणि आठव्या भागात पानंच्या पानं जळफळतो. एवढी शाई!

तरी प्लिनीचं मृत्युपत्र पाहून मी थोडी नरमले. कोमो गावच्या शिलालेखात आहे: आपल्या १०० मुक्तदासांच्या निर्वाहासाठी १८,६६,६६६ सेस्टर्स. शेवटचा सहाही सोडला नाही, याचं मला भारी कौतुक.

घेणार असाल तर दुसऱ्या खंडाची शिवण विकणाऱ्याकडून व्हिडिओवर उघडून बघा. पहिला खंड ठणठणीत आहे. माझ्या प्रतीच्या सूचीत मी पेन्सिलीने एक ओळ घातली आहे: ‘साबिनियानसचा मुक्तदास, ९.२१, ९.२४.’ अकारविल्हे कुठे बसवायचा कळेना, म्हणून समासात लिहिलाय.