‘मॅडव्हिलनी’ : ध्रुवपदाविना गाजलेली गाणी

एमएफ डूम या रॅपरचे निधन ३१ ऑक्टोबर २०२० रोजी झाले, पण जगाला ते कळले बरोबर दोन महिन्यांनी, ३१ डिसेंबरला. त्यानंतर संगीतक्षेत्रातील लोकांनी वाहिलेल्या श्रद्धांजलींमध्ये एक सूर ठळक होता. क्यू-टिपसारख्या ज्येष्ठ रॅपरने त्याचा गौरव रॅपरांचा रॅपर अशा अर्थाने केला. रेडिओहेडचा थॉम यॉर्क आणि फ्लाइंग लोटस यांच्यासारखे रॅपच्या रूढ चौकटीबाहेरचे संगीतकारही हळहळले. अशा मंडळींच्या बोलण्यात डूमची जी गाणी पुन्हा पुन्हा येतात, त्यांतली बरीचशी २००४ साली आलेल्या ‘मॅडव्हिलनी’ या एकाच अल्बममध्ये आहेत. म्हणून डूमची ओळख करून घेऊ इच्छिणाऱ्या मराठी रसिकाने विकत घ्यावा असा पहिला अल्बम कोणता, या प्रश्नाचे माझे उत्तर ठरलेले आहे. मात्र हा अल्बम पहिल्याच भेटीत गळ्यात पडणाऱ्यांपैकी नाही, हेही आधीच सांगितलेले बरे.

डूमचे मूळ नाव डॅनियल डुमिले. जन्म १९७१ चा, लंडनमधला. वाढला मात्र न्यू यॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर. धाकटा भाऊ सबरॉक याच्यासह त्याने केएमडी हा गट चालवला. १९९३ मध्ये सबरॉक मोटार अपघातात गेला आणि त्यापाठोपाठ ध्वनिमुद्रण कंपनीने गटाचा तयार अल्बम अडवून करारही मोडला. काही वर्षांच्या अज्ञातवासानंतर तो परतला तो चेहरा झाकून, चित्रकथेतल्या खलनायकाचे सोंग घेऊन, आणि १९९९ च्या ‘ऑपरेशन : डूम्सडे’पासून धातूचा मुखवटा ही त्याची कायमची ओळख झाली. ‘मॅडव्हिलनी’मध्ये त्याच्या जोडीला मॅडलिब हा कॅलिफोर्नियाचा निर्माता आहे. डूमचे शब्द आणि आवाज, मॅडलिबचे संगीत, अशी ही भागी असून जोडीचे नाव मॅडव्हिलन असे आहे. स्टोन्स थ्रो या छोट्या स्वतंत्र कंपनीने हा अल्बम प्रसिद्ध केला.

अल्बमच्या घडणीची हकिगत सांगितल्याशिवाय त्याचे परीक्षण पुरे होत नाही, कारण ऐकणाऱ्याच्या कानावर जे पडते त्याचा थेट संबंध त्या हकिगतीशी आहे. २००२ च्या अखेरीस मॅडलिब ब्राझीलला गेला. तिथल्या दुकानांतून त्याने जुन्या तबकड्या उचलल्या आणि हॉटेलच्या खोलीत एक सुटसुटीत टर्नटेबल, कॅसेट डेक व एसपी-३०३ हा छोटा सॅम्पलर (जुन्या ध्वनिमुद्रणांतले तुकडे उचलून पुन्हा वाजवणारे यंत्र) एवढ्याच सामग्रीवर काही गाण्यांचे संगीत बांधले. त्याच सुमारास अल्बमचे कच्चे ध्वनिमुद्रण बाहेर फुटले आणि इंटरनेटवर फिरू लागले. अधिकृत प्रकाशनाला तेव्हा वर्षाहून अधिक काळ होता. दोघेही विटले, आपापल्या दुसऱ्या कामांकडे वळले, आणि पुन्हा हे काम हाती घेतले तेव्हा डूमने आपला आवाज बहुतांशी नव्याने मुद्रित केला. कच्च्या प्रतीत तो चढ्या, उत्साही सुरात, काहीसा घाईने बोलतो. पक्क्या प्रतीत तोच मजकूर खर्जाकडे झुकलेल्या, सैल, जवळजवळ आळसावलेल्या आवाजात येतो. मला विचाराल तर अल्बमचे भाग्य या एका निर्णयाने ठरले. चढ्या आवाजात त्याची शब्दकळा हुशारीचे प्रदर्शन वाटते; उतरलेल्या आवाजात तीच शब्दकळा अशी वाटते की या माणसाला कोणाला काही पटवून द्यायचेच नाही, आणि म्हणून श्रोता स्वतःहून पुढे सरकून कान देतो.

याचा सर्वांत चांगला प्रत्यय ‘अकॉर्डियन’ या गाण्यात येतो. हे गाणे दोन मिनिटांचेही नाही. डेडेलस या संगीतकाराच्या रचनेतून उचललेली अकॉर्डियनची एक छोटी, दमेकऱ्यासारखी वरखाली होणारी ओळ अखंड फिरत राहते, आणि त्यावर डूम एकच एक कडवे म्हणतो. ध्रुवपद नाही, मधला भाग नाही, शेवटाकडे चढत जाणे नाही. रॅपच्या गाण्यात लोकांच्या तोंडी बसते ते सहसा ध्रुवपद. इथे तेच काढून टाकलेले आहे, आणि तरीही हे गाणे त्याच्या सर्वांत लाडक्या गाण्यांत गणले जाते. याचे कारण लयीत आहे असे मला वाटते. अकॉर्डियनचा सूर ठोक्याला चिकटलेला नाही, तो किंचित ओघळतो, आणि डूमही ठोक्याच्या जरा मागे राहून बोलतो. समेवर यायला त्याला उशीर होणार असे वाटत असतानाच तो नेमका पोहोचतो. आपल्याकडे विलंबित ख्याल ऐकणाऱ्यांना हा खेळ समजावून सांगण्याची गरज नाही. गाण्याच्या पहिल्याच शब्दांत तो उसन्या वेळावर जगण्याचा उल्लेख करतो. २००४ मध्ये ती एक ऐटबाज सुरुवात होती. आता ती ओळ आली की श्रोते गंभीर होतात. मला स्वतःला त्या ओळीवर एवढे ओझे लादणे पटत नाही, कारण पुढच्याच क्षणी तो थट्टेवर उतरलेला असतो.

रॅपरमंडळी ज्या गोष्टीसाठी डूमला मानतात ती म्हणजे त्याचे यमक. सर्वसाधारण रॅपमध्ये यमक ओळीच्या शेवटी येते आणि एकदोन अक्षरांपुरते असते. डूम चार-चार, पाच-पाच अक्षरांचे गट जुळवतो, ते ओळीच्या पोटातही पेरतो आणि एकदा धरलेली जुळणी अनेक ओळी सोडत नाही. ‘फिगारो’ आणि ‘मीट ग्राइंडर’ ही दोन गाणी या दृष्टीने लागोपाठ ऐकावीत. मराठी वाचकाला इथे मोरोपंतांची आठवण होणे स्वाभाविक आहे. ओठ न मिटता म्हणता यावे असे रामायण रचणाऱ्या पंतांप्रमाणे यालाही स्वतःवर अट घालून घेण्याची हौस आहे. फरक असा की पंतांची आर्या जुळणीच्या जागी थांबते आणि आपल्याला दाद देण्याची सवड मिळते. डूमचे वाक्य मात्र यमकाच्या जागी संपतच नाही, ते पुढच्या ओळीत सांडते, अर्थ एकीकडे तुटतो आणि नाद दुसरीकडे, आणि कान दोन्हींचा हिशेब ठेवता ठेवता मागे पडतो. मोस डेफ, म्हणजे आताचा यासीन बे, स्टुडिओत बसून डूमच्या ओळी तोंडपाठ म्हणत असल्याची एक चित्रफीत प्रसिद्ध आहे. स्वतः पट्टीचा रॅपर असलेला हा माणूस एखादी ओळ म्हणतो आणि पोरासारखा हसत सुटतो. डूमच्या लेखनावर केलेली लांबलचक विवेचने मी वाचली आहेत, पण त्या हसण्याइतके नेमके भाष्य त्यांत क्वचितच सापडते.

मॅडलिबच्या बाजूकडे वळायचे तर ‘रेड’ हे गाणे ऐकावे. त्याच्या आरंभी बिल एव्हान्सच्या पियानोवरचे ‘नार्डिस’ येते आणि काही क्षणांतच ते ब्राझीलच्या ओस्मार मिलितोच्या गाण्यातल्या उसळत्या तालाला वाट करून देते. जॅझच्या अभ्यासकाने मान डोलवायला सुरुवात करावी तोवर जमीन सरकलेली असते. मॅडलिबचा हात असाच चालतो. तो तबकडीवरची खरखर पुसत नाही, आणि दोन तुकडे जोडताना सांधा लपवण्याचे कष्टही फारसे घेत नाही. (याच मॅडलिबने पुढे २००७ मध्ये भारतीय चित्रपटसंगीताच्या तुकड्यांवर ‘बीट कंडक्टा’ मालिकेतला एक अख्खा अल्बम रचला. आपल्याकडच्या जुन्या तबकड्या जपणाऱ्यांनी तोही ऐकून बघावा.) अल्बममध्ये बावीस तुकडे असून एकूण वेळ साधारण ४६ मिनिटांचा आहे. बरीच गाणी दोन मिनिटांच्या आसपास आटोपतात. गाणे आवडू लागले की ते संपते, ही तक्रार पहिल्या ऐकण्यात रास्त वाटते, पण दुसऱ्यांदा अल्बम लावावासा वाटतो तो याच कारणाने.

‘फॅन्सी क्लाउन’ या गाण्याविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण डूमच्या सोंगांचा कस इथे लागतो. व्हिक्टर व्हॉन हे त्याचेच दुसरे पात्र. या गाण्यात व्हिक्टर आपल्या प्रेयसीवर संतापला आहे, कारण तिने त्याला सोडून दुसऱ्याचा हात धरला आहे, आणि तो दुसरा म्हणजे मुखवटेवाला डूम. एकच माणूस स्वतःच फसवणारा, स्वतःच फसलेला, आणि स्वतःच स्वतःला शिव्या घालणारा! मागे झी. झी. हिल या ब्लूज गायकाचा व्याकूळ आवाज फिरत असतो, त्यामुळे विनोदाला खरे दुःख चिकटून राहते. रॅपमध्ये बढाई आणि हाणामारीची भाषा नित्याची आहे. तिची अशी खिल्ली, तीही गाण्याची वीण न उसवता, दुसऱ्या कोणाला फारशी साधलेली नाही.

शेवटच्या ‘ऱ्हाइनस्टोन काउबॉय’मध्ये टाळ्यांच्या कडकडाटात तो निरोप घेतो आणि जाता जाता ध्वनिमुद्रण फुटल्याच्या प्रकरणालाही चिमटा काढतो. ‘ऑल कॅप्स’ हे त्याचे बहुधा सर्वांत ओळखीचे गाणे. आपले नाव सगळे मोठ्या अक्षरांत लिहा, असा हट्ट त्यात आहे. देवनागरीत तो पुरवता येत नाही, याला इलाज नाही. त्याची जुन्या अमेरिकन चित्रकथांच्या धर्तीवरची ॲनिमेटेड चित्रफीत अवश्य पाहावी.

संगीतकारांचे खरे मत त्यांच्या श्रद्धांजलीत कमी आणि कामात अधिक दिसते. रॅपर घोस्टफेस किलाने २००६ च्या ‘फिशस्केल’ या अल्बमसाठी डूमने स्वतः बांधलेले संगीत घेतले, रॅपर जोई बॅडॅसने २०१२ च्या पहिल्या मिक्सटेपवर (रॅपर सहसा स्वतःच काढतात अशा गाण्यांच्या संग्रहावर) डूमच्या संगीतावर आपले शब्द बसवले. प्रस्तुत अल्बमपुरते पाहायचे तर फोर टेट या इलेक्ट्रॉनिक संगीतकाराने २००५ मध्ये केलेल्या पुनर्रचना सर्वांत बोलक्या आहेत. डूमचा आवाज तोच, पण खाली मॅडलिबच्या खरखरीत तुकड्यांऐवजी स्वच्छ, चमचमणारे इलेक्ट्रॉनिक संगीत. त्यातून दोन गोष्टी ध्यानात येतात. एक, हा आवाज कोणत्याही जमिनीवर आपली लय सोडत नाही. दुसरी, मॅडलिबची ओबडधोबड जमीन काढून घेतली की त्या आवाजातला मिस्कीलपणा थोडा उणावतो. खुद्द मॅडलिबने २००८ मध्ये संपूर्ण अल्बमला नवे संगीत दिले, तेव्हाही मला हेच जाणवले. ती रचना कुशल आहे, पण मूळ जोडणीत जी अकस्मातता होती ती दुसऱ्यांदा घडवता आली नाही.

आता उणिवा. अल्बममधले सगळेच तुकडे सारख्या मोलाचे नाहीत. ‘अमेरिकाज मोस्ट ब्लंटेड’ हे गांजापुराण लांबते आणि त्यातला विनोद एकदाच हसवतो. ‘हार्डकोर हसल’मध्ये डूम नाहीच, पाहुणा रॅपर वाइल्डचाइल्ड आहे. त्याचे म्हणणे चोख असले तरी अल्बमचा गुंगवणारा ओघ तिथे खंडित होतो. बायकांविषयीचे काही शेरे आज कानाला खटकतात आणि ते पात्राच्या तोंडचे आहेत या सबबीने पूर्णपणे पुसले जात नाहीत. सर्वांत मोठी अडचण भाषेची. डूमचे इंग्रजी न्यू यॉर्कच्या गल्लीचे, जुन्या दूरचित्रवाणी मालिकांचे आणि चित्रकथांचे आहे. इंग्रजी उत्तम येणाऱ्यालाही पहिल्यांदा निम्मे निसटते. माझी सूचना अशी की आधी शब्दांची फिकीर न करता नुसता आवाज एखाद्या तालवाद्यासारखा ऐकावा आणि मग गाण्यांचे शब्द समोर घेऊन ‘अकॉर्डियन’ व ‘फिगारो’ या दोनच गाण्यांवर बसावे. बाकीची गाणी त्यानंतर आपोआप उघडू लागतात.

कोणती आवृत्ती घ्यावी, याविषयी. दोन तबकड्यांचा मूळ संच संग्राहकाला आवडेल. मुखवट्याचे कृष्णधवल छायाचित्र आणि कोपऱ्यातला तो नारिंगी चौकोन मोठ्या वेष्टनावरच शोभतो. पण हा अल्बम सलग ऐकण्याचा आहे, तुकडे एकमेकांत मिसळलेले आहेत, आणि दर दहाबारा मिनिटांनी उठून बाजू बदलण्याने तो प्रवाह तुटतो. त्यामुळे निव्वळ ऐकण्यासाठी सीडी किंवा डिजिटल प्रत मला अधिक सोयीची वाटते. केवळ संगीताची, शब्दांविना असलेली आवृत्तीही मिळते. स्वतः रॅप लिहू पाहणाऱ्याने ती जरूर घ्यावी आणि डूम जिथे थांबतो तिथे आपण थांबू शकतो का, हे करून बघावे. २०२४ मध्ये ती कच्ची प्रतही तबकडीवर अधिकृतपणे निघाली. ती मात्र मूळ अल्बम मुरल्यावरच घ्यावी, कारण पक्का आवाज कानात बसलेला नसेल तर कच्च्या आवाजाशी त्याची तुलना करण्यातली सगळी गंमत वाया जाते.