लुवाक घ्यावी, गेशा घ्यावी का गपगुमान मलबार?

घरातलं कुणी बालीला निघालं की फर्माईश ठरलेली, येताना ती उदमांजराची कॉफी आण. आणायची तर आणा, पण त्याच पैशात दुसरं काय येतं ते आधी बघून घ्या, कारण महागाच्या कॉफीत दोन जाती हायत, एक गोष्टीमुळं महाग न दुसरी चवीमुळं महाग.

कोपी लुवाक पहिल्या जातीतली. उदमांजर (आपल्याकडं जुन्या वाड्याच्या माळवदावर रात्री फिरतं तेच) कॉफीची पिकली फळं खातं, गर पचतो, बी तशीच विष्ठेतून पडती, ती वेचून धुवून भाजायची. जंगलात फिरून वेचावी लागायची म्हणून महाग होती, मग मागणी वाढली तशी उदमांजरं पिंजऱ्यात कोंडून कॉफीची फळं चारायला लागले, रात्रीचं एकटं हिंडणारं जनावर ते, पिंजऱ्यात चकरा मारून येडं होतं. टोनी वाइल्ड म्हणून एकानं १९९१ ला ही कॉफी ब्रिटनमधे नेली, त्यानंच २०१३ ला ती पिऊ नका म्हणून मोहीम काढली, आता बोला! पाकिटावर 'जंगली' छापलेलं असतं पण खरं का खोटं हे गिऱ्हाइकानं कसं तपासायचं? चव म्हणाल तर कडवटपणा कमी, गुळगुळीत. बरीये. एवढ्या पैशात नुसती बरी मला तरी परवडत नाही.

पनामाची गेशा मात्र चवीमुळं महाग. वाण मूळचं इथिओपियाचं. २००४ ला बोकेते भागातल्या हासिएंडा ला एस्मेराल्डा मळ्यानं ती बाकीच्या कॉफीतून वेगळी काढून स्पर्धेत ठेवली न परीक्षक चाट पडले. २०१९ च्या लिलावात एका गेशाला पौंडाला, म्हणजे साधारण साडेचारशे ग्रामला, १०२९ डॉलर भाव लागला. तसला लिलावाचा माल आपल्याला कशाला, साधी गेशा पण खिसा हलका करायला पुरती हाय. वास जाईच्या फुलासारखा, चव लिंबू-संत्र्याच्या अंगानं आंबटगोड, न कपात एकदम पातळ दिसती. कडक चहावर वाढलेल्या माणसाला पहिल्या घोटाला वाटंल की हे काय गरम पाणी दिलंय. दूध साखर टाकली की संपलं सगळं, मग गेशा काय न पाच रुपयाची पुडी काय.

अजून एक, जे पुण्या-मुंबईवाले सांगणार नाहीत. आपल्या बोअरचं पाणी जड, त्यातले क्षार कॉफीतला आंबटपणा मारून टाकतात, म्हणजे गेशाचं जे काय वेगळेपण तेच जातं. एकदम हलकं आरओचं पाणी पण फिकी कॉफी काढतं, म्हणून त्यात थोडं नळाचं मिसळून बघा. मिक्सरमधे दळू नका, अर्धं पीठ न अर्धे खडे होतात. हातानं फिरवायचं ग्राइंडर, पेपर फिल्टर, पंधरा ग्रामला पाव लिटर पाणी. एवढा कुटाणा करायची तयारी नसंल तर पाकीट घेऊच नका, पुण्याला गेल्यावर चांगल्या कॅफेत एक कप प्या, पुष्कळ झालं.

न घरात सगळे दुधाचीच पिणार असतील तर मॉन्सून्ड मलबार. आपल्याच देशाची, जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेली. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात बिया उघड्या बाजूच्या गोदामात पसरतात, दमट वाऱ्यानं त्या फुगतात, पिवळसर होतात न आंबटपणा जातो. दाट कॉफी, दुधात पण दबत नाही, पाणी जड असलं तरी फार बिघडत नाही, न भाव वरच्या दोघींच्या जवळपास पण नाही.

मला विचाराल तर लुवाक पहिल्यांदा काटा. पाहुण्यांना सांगायला गोष्ट पाहिजे असंल तरी गेशाची सांगा की, तिच्यात जनावर कोंडलेलं नाही. बिनदुधाची जमत असंल तर गेशाचा कप, नाहीतर मलबारचं पाकीट, न कोणतंही घेतलं तरी अख्ख्या बियांचं घ्या, भाजल्याची तारीख बघून, शंभर-दोनशे ग्रामच, कारण इकडच्या उन्हाळ्यात उघडलेल्या पाकिटाचा वास लवकर उडतो.