वाकणारा आरसा: ३ मिमीचा अ‍ॅक्रिलिक मिरर शीट

पोर्ट्रेट फोटोंसाठी दोन बाय तीन फुटांचा, ३ मिमी जाडीचा अ‍ॅक्रिलिक आरसा घेतला, त्याला चार महिने झाले. पहिली मॉडेल माझी आत्या, वय ६८. उत्तरेच्या खिडकीपाशी तिला बसवलं आणि शीटच्या उभ्या कडा हलकेच मागे दाबल्या. चेहरा अरुंद, लांबट झाला. कडा पुढे ओढल्या तर गाल पसरले. बोटभर दाबाने माणूस बदलतो, हे काचेत कधीच मिळालं नसतं. हंगेरियन छायाचित्रकार आंद्रे केर्तेस यांनी १९३३ साली पॅरिसमध्ये जत्रेतल्या वाकड्या आरशांतून जे शोधलं, त्याची वाट इथे स्वतःच्या हातात येते.

फोकस मात्र आरशावर नको. कॅमेरा ते आरसा ६० सेमी आणि आरसा ते चेहरा ४० सेमी असेल, तर चेहऱ्याची प्रतिमा साधारण १ मीटरवर असते. एफ/२ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र मोठं असताना, शीटवरचे ओरखडे विरघळतात, छिद्र लहान करून एफ/८ला आणलं तर धूळसुद्धा दिसते.

खोट आहेच. चकाकीचा थर मागच्या बाजूला असल्यामुळे तिरक्या कोनातून पापण्यांना फिकट दुसरी रेघ येते. जाड काचेपेक्षा कमी, पण येते. ओरखडे फार लवकर पडतात, तेव्हा वरची संरक्षक फिल्म शूटच्या अगदी तोंडावरच काढा. अमोनिया असलेला काच-क्लीनर अजिबात नको. सौम्य साबणाचं पाणी आणि मायक्रोफायबर पुरे.

आत्याने तो लांबट चेहऱ्याचा फोटो मागून घेतला. तिच्या आईसारखी दिसते म्हणाली.