‘द डेथ ऑफ स्टॅलिन’ची डीव्हीडी आणि लीड्सची भाची

आधीच सांगतो, हा पिक्चर मी दुसऱ्यांदा बघितला. पहिल्यांदा लॉकडाऊनमध्ये मोबाइलवर भाड्यानं घेऊन, कानात हेडफोन, खाली इंग्लिश सबटायटल, आणि संपल्या संपल्या मित्राला मेसेज टाकलेला की कॉमेडी बरी आहे पण एक माणूस रशियन वाटत नाही राव, सगळे आपले इंग्लिश फाडतायत. तो मेसेज आता शोधून डिलीट करावा म्हणतोय.

झालं असं की मे महिन्यात ताई-दाजी इंग्लंडमधल्या लीड्सहून आले. यायच्या आधी दाजींनी फोनवर विचारलं काय आणू, मी म्हटलं चॉकलेटं नकोत, डायबेटिस निघालाय, एखादी डीव्हीडी आणा. त्यांनी तिथल्या जुन्या सामानाच्या दुकानातून ही उचलली, एक पौंडाचं स्टिकर अजून तसंच आहे कव्हरवर. म्हणजे शंभर-सव्वाशे रुपयांत ओरिजिनल डीव्हीडी, वर एक ओरखडा नाही. पण घेणाऱ्यांसाठी सूचना: डीव्हीडीला देशांच्या गटाप्रमाणे रीजनचा नंबर असतो आणि प्लेअर आपल्याच रीजनची घेतो; इंग्लंडची डीव्हीडी रीजन २ ची असते आणि आपल्याकडची रीजन ५ ची, त्यामुळे घरच्या प्लेअरनं ती तोंडात घेतली, घर्रघर्र केलं आणि बाहेर थुंकली. शेवटी जुन्या लॅपटॉपच्या ड्राइव्हचा रीजन बदलला. तो आयुष्यात फक्त पाचदा बदलता येतो, त्यातला एक गेला. ज्यांच्याकडे असा लॅपटॉप उरला नाही त्यांनी सरळ ऑनलाइन भाड्यानं घ्यावा, चित्रात फार फरक नाही.

तर लॅपटॉप टीव्हीला जोडला, दाजी, ताई, त्यांची सतरा वर्षांची पोरगी आणि मी. कव्हरवर पंधरा वर्षांवरच्यांसाठी असा शिक्का आहे आणि तो शिव्यांमुळे आहे हे पहिल्या दहा मिनिटांत कळतं, आई आत झोपलेली म्हणून बरं. भाची म्हणाली मामा सबटायटल बंद कर, मला वाचायला लागलं की ऐकू येत नाही. बंद केले. आणि खरी गंमत तिथनं सुरू झाली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २०१७ चा पिक्चर, दिग्दर्शक आर्मांडो इयानुची, एका फ्रेंच कॉमिकवरून केलेला. मार्च १९५३ मध्ये स्टॅलिन मरतो आणि त्याच्या खुर्चीसाठी ख्रुश्चेव्ह, मालेन्कोव्ह, गुप्त पोलिसांचा बेरिया अशा त्याच्या हाताखालच्यांची जी पळापळ होते ती. सुरुवातच झकास आहे, रेडिओवर मोझार्टचा कार्यक्रम लाइव्ह चाललाय, स्टॅलिनचा फोन येतो की मला रेकॉर्डिंग पाहिजे, आणि रेकॉर्डिंग कुणी केलेलंच नाही. मग निघालेल्या प्रेक्षकांना परत आत कोंडायचं, कमी पडले तर रस्त्यावरनं माणसं गोळा करून खुर्च्या भरायच्या, कंडक्टर आडवा झाला म्हणून दुसरा कंडक्टर रात्रीच्या कपड्यांत उचलून आणायचा. हसू येतं आणि पोटात गोळाही येतो, दोन्ही एकदम.

स्टॅलिन तोंड उघडतो आणि भाची खदाखदा हसायला लागली. मला कळेना काय झालं. म्हणाली, मामा, हा लंडनच्या बाजारात भाजी विकणाऱ्यासारखा बोलतोय. अ‍ॅड्रियन मॅकलॉकलिन म्हणून नट आहे, तो ठार लंडनच्या गल्लीतलं इंग्लिश बोलतो. मग पुढं पिक्चर मध्यावर येतो आणि मार्शल झुकॉव्हची एंट्री होते, जेसन आयझॅक्स, ओव्हरकोट मागं टाकतो, छातीवर मेडल ठेवायला जागा शिल्लक नाही, आणि पहिलं वाक्य बोलतो तसे दाजी सोफ्यावरनं उठलेच. ‘अगं हा आपला प्लंबर!’ आणि तिघं एकमेकांना टाळ्या देऊन हसतायत. लीड्स म्हणजे यॉर्कशरमध्ये, आणि आयझॅक्सनं झुकॉव्हला पक्का यॉर्कशरचा हेल दिलाय, स्वतः लिव्हरपूलचा असून. दाजी म्हणाले ही माणसं तोंडावर बोलणारी, गोड बोलून गार करणं यांना जमत नाही, यांच्याकडं चहाला गेलं तर चहा पातळ झालाय हे पाहुणाच सांगतो. म्हणजे तो हेल ऐकल्या ऐकल्या तिथल्या माणसाला कळतं की या खोलीत आता एक असा आलाय जो कुणाच्या बापाला भीत नाही. आणि मला पहिल्यांदा बघताना काय कळलेलं? इंग्लिश. बास.

सबटायटलमध्ये हेल दिसत नाही हो. सगळ्यांची अक्षरं एकाच मापाची, एकाच पांढऱ्या रंगाची.

मग आम्ही पॉज करून अर्धा तास नुसतं भांडलो की हा पिक्चर मराठीत केला तर कोण कुठलं बोलेल. झुकॉव्ह कोल्हापूरचा, यावर एकमत, तालमीतला वस्ताद, ‘ए जाड्या, गप बस की रं’ असं बेरियाला म्हणणारा. ख्रुश्चेव्ह स्टीव्ह बुसेमीनं त्याच्या स्वतःच्या न्यूयॉर्कच्या बोलण्यात केलाय, सतत तोंड चालू, म्हणून दाजी म्हणाले नागपूरचा घ्या, ‘काय बे’ करत आत येईल आणि तुम्ही हसेपर्यंत खुर्चीवर बसलेला असेल. बेरियावर वाद झाला. मला वाटलेलं गुंड आहे तर गुंडासारखा बोलेल. ताई म्हणाली अजिबात नाही, तो शुद्ध पुणेरी, एकेक अक्षर कातून काढलेलं, कारण पिक्चरमध्येही बघ, सायमन रसेल बील सगळ्यात स्वच्छ, मऊ इंग्लिश बोलतो आणि त्याचीच सगळ्यात जास्त भीती वाटते, पकडायच्या-मारायच्या लिस्टवरची नावं कशी वाचून दाखवतो, हजेरी घेतल्यासारखी. ताई शाळेत शिकवायची, तिला हजेरीची भीती माहितीये. पुणेकरांनी रागावू नये, ताईचं सासर पुण्याचंच.

स्टॅलिनवर आम्ही अडलो. कारण खरा स्टॅलिन रशियन नव्हताच, जॉर्जियातल्या गोरी गावचा, रशियन नंतर शिकला आणि जॉर्जियन हेल मरेपर्यंत गेला नाही. बेरियाही जॉर्जियाचाच. त्याच टोळीतला मिकोयान आर्मेनियन. ख्रुश्चेव्ह युक्रेनच्या सीमेजवळच्या कालिनोव्का खेड्यातला. म्हणजे क्रेमलिनच्या त्या खोलीत खरोखर भेळ होती, ज्यांच्या हातात रशिया होता त्यातल्या निम्म्यांचं रशियन मॉस्कोवाल्यांच्या कानाला गावठी किंवा परकं लागत असणार. आता मला सांगा, हे दाखवायचा जास्त खरा रस्ता कुठला? सगळ्यांनी एकसारखं ‘आय व्हिल गो टू मॉस्को’ टाइपचं जड इंग्लिश बोलायचं, की प्रत्येकानं आपापल्या गल्लीचं? जड रशियन हेलातलं इंग्लिश फक्त एक गोष्ट सांगतं, हा माणूस परदेशी आहे. पण मॉस्कोत ते परदेशी नव्हतेच ना, आपल्याच घरात आपल्याच भाषेत भांडत होते. ‘के-नाइन्टीन’ नावाचा पाणबुडीचा पिक्चर आहे २००२ चा, १९६१ च्या खऱ्या अपघातावरचा, त्यात हॅरिसन फोर्ड रशियन हेल काढतो. अणुभट्टी वितळायला आलीये आणि मी आपला बसून ऐकतोय की ‘र’ यावेळी जमला का. त्यापेक्षा २०१९ ची ‘चेर्नोबिल’ सिरीज बघा, तिथं सरळ आपापल्या इंग्लिशमध्ये बोलतात, आणि गाव रिकामं करायची भोंग्यावरची घोषणा मात्र रशियनमध्येच ठेवलीये. एका एपिसोडनंतर हेलाचा विचारही येत नाही.

पण सगळं कौतुक नको. मालेन्कोव्हला जेफ्री टॅम्बर आहे, अमेरिकन, त्याचं बोलणं कुठंच बसत नाही असं मला वाटलं, भाची म्हणाली बावळट वाटतो म्हणून बसतं, असेल. ओल्गा कुरिलेंको पियानोवादक मारिया युदिना झालीये, ती मूळची युक्रेनची, तिच्या इंग्लिशला तिकडचा हलका हेल आहे, आणि गंमत म्हणजे सगळ्या पिक्चरमध्ये एकमेव अस्सल हेल असून तीच परकी वाटते. इतिहासाचीही मोडतोड बरीच. बेरियाला खरं तर डिसेंबर १९५३ मध्ये गोळी घातली, इथं सगळं काही दिवसांत उरकल्यासारखं वाटतं. रशियानं जानेवारी २०१८ मध्ये रिलीजच्या दोन दिवस आधी परवानगी काढून घेतली, पण तो राग हेलाचा नव्हता, आमच्या लोकांची टिंगल का करता याचा होता.

आता आपल्याकडं येतो, कारण ते आल्याशिवाय राहवत नाही. हिंदीत पेशवाईवर, मराठ्यांवर पिक्चर आले की आपण पहिला दंगा हेलावरनं करतो. ‘बाजीराव मस्तानी’च्या वेळी, २०१५ ला, आमच्या ग्रुपवर आठवडाभर तोच विषय, रणवीरनं हिंदीला मराठी वळण दिलंय ते जमलंय का. मी तेव्हा जमलंय पार्टीत होतो. आता वाटतं तो प्रश्नच वेगळा पाहिजे होता. बाजीराव काशीबाईशी हिंदी बोलत नव्हता, पिक्चर हिंदी आहे म्हणून ते आपल्यासाठी हिंदीत केलंय, मग साधं चांगलं हिंदी बोलू दे की त्याला, वर मराठीची फोडणी कशाला. नावं मात्र नीट घ्या. बाळाजी विश्वनाथचा बालाजी करू नका, होळकरांचा होलकर करू नका, पन्हाळ्याचा पन्हाला ऐकला की माझ्या दाढेत कळ येते. ‘ळ’ एवढं शिकायला एक दुपार पुरते. भाची लीड्सला वाढली, तिला ‘ळ’ येतो. म्हणते कोल्हापूरला येऊन केळं मागता आलं नाही तर काय उपयोग.

आणि आपण मराठीत काय करतो ते सांगू का? मी हौशी नाटकातला, कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळायच्या कितीतरी आधी तिथं एका ऐतिहासिक नाटकात होतो, स्पर्धेसाठी. आमचं गाव गडहिंग्लजकडं, बोलण्यात कानडी हेल, दिग्दर्शकानं पहिल्या वाचनालाच सांगितलं तू मावळा. दुसरा एक जण होता, पाठांतर माझ्यापेक्षा कच्चं, पण बोलणं छापील, तो सरदार. महाराज, सरदार, जिजाऊ सगळे पुस्तकातलं बोलणार, आणि मावळे तेवढे ‘व्हय जी, न्हाय जी’. एकाच मुलखातली, एकाच मातीतली माणसं, पण तलवारीची मूठ चांदीची झाली की हेल गायब! माझ्या वाट्याला चार वाक्यं आणि एक मरण, मरण बरं झालं म्हणतात.

तेही सोडा, ती छापील भाषा तरी त्या काळची कुठं होती. तेव्हाच्या दरबारी कागदांत फारसी ठासून भरलेली, इतकी की महाराजांनी रघुनाथ पंडितांकडनं राजव्यवहारकोश करून घेतला, दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द द्यायला. पेशवा, फडणीस, हे सगळे फारसीतनंच आलेले. आमच्या नाटकात मात्र तेव्हाचा कारकूनही सत्यनारायणाची पोथी वाचल्यासारखा बोलत होता, आणि परीक्षकांनी वर ‘भाषेची शुद्धता’ म्हणून शाबासकी दिली. म्हणून इयानुचीचा हेवा वाटला. त्यानं सैन्याच्या सगळ्यात मोठ्या माणसाला कामकऱ्याचा हेल दिला आणि त्यानं तो माणूस लहान झाला नाही, उलट खोलीतला एकटाच खरा वाटायला लागला. आपल्याकडं शिवकाळावरच्या पिक्चरमध्ये एखादा सेनापती असा साताऱ्या-कोल्हापूरच्या बोलीत बोलला, विनोदासाठी नाही, हुकूम देताना, तर थेटरात लोक काय करतील? पहिलं वाक्य हसतील असं मला वाटतं. दुसऱ्याला गप्प बसतील.

असो, रिव्ह्यू लांबला. पिक्चरला पाचपैकी साडेचार, अर्धा मालेन्कोव्हचा कापला. डीव्हीडीला तीन, चित्र आवाज छान पण रीजनची कटकट, आणि माझ्यासारख्यानं सबटायटल लावले की निम्मी मजा जाते, नाही लावले तर निम्मं कळत नाही. माझा उपाय असा, एकदा लावून बघा, गोष्ट डोक्यात बसली की दुसऱ्यांदा बंद करून नुसते आवाज ऐका. जवळ कुणी तिकडं राहून आलेला असला तर त्याला शेजारी बसवा, चहा द्या. शेवटची पंधरा-वीस मिनिटं हसण्यासारखी नाहीत, लहान पोरं असतील तर आधीच झोपवा.

लॅपटॉप अजून रीजन २ वरच आहे, चार वेळा बदलता येईल म्हणतोय. दाजींना सांगितलंय दिवाळीत याल तेव्हा त्या जुन्या सामानाच्या दुकानात परत एक चक्कर मारा.